अठ्ठाविसाव्या चालीतला प्रस्ताव: ३१० रेटिंग गुणांच्या अंतराने खेळलेल्या एका बरोबरीच्या डावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हा डाव नऊ फेऱ्यांच्या एका स्विस पद्धतीच्या स्पर्धेतील सहाव्या फेरीचा आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याचे रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, २१९० होते आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याचे १८८०. दोघांची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत आणि बुद्धिबळातल्या रीतीप्रमाणे त्यांचा उल्लेख पांढरा आणि काळा असाच केला आहे. मी काळ्याचा प्रशिक्षक आहे. डाव चालू असताना मी सभागृहातच होतो, परंतु पटापासून दूर होतो. जे लिहीत आहे ते दोघांची नोंदपत्रके, डावानंतर दोघांशी स्वतंत्रपणे झालेले बोलणे आणि नंतर केलेले विश्लेषण यांच्या आधारे. आपल्या चुका उघडपणे मांडू देण्याचा मोठेपणा दोघांनीही दाखवला, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

स्विस पद्धतीत पहिल्या फेरीसाठी रेटिंगनुसार लावलेल्या यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातील पहिल्याची गाठ खालच्या भागातील पहिल्याशी घालतात. त्यामुळे सुरुवातीला विषम जोड्या पडतात. पुढे समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येऊ लागले की हे अंतर साधारणपणे घटत जाते. सहाव्या फेरीतही ३१० रेटिंग गुणांचे अंतर शिल्लक राहिले, म्हणजे एक तर वरचा खेळाडू घसरला असला पाहिजे, नाहीतर खालचा आपल्या आकड्यापेक्षा चांगला खेळत असला पाहिजे. येथे दुसरी गोष्ट खरी होती. दोघांचेही पाच फेऱ्यांत साडेतीन गुण झाले होते आणि काळ्याने त्यातले दोन विजय आपल्याहून वरच्या खेळाडूंवर मिळवले होते. डावाला बसताना ही गोष्ट त्याच्या मनात असायला हवी होती. ती नव्हती.

रेटिंगचा हिशेब येथे थोडा सांगणे भाग आहे, कारण दोघांच्याही निर्णयांवर त्याची छाया पडली. अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडलेली ही पद्धत आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरून, फिडेच्या तक्त्यानुसार ३१० गुणांच्या अंतराला वरच्या खेळाडूचा अपेक्षित गुण ०.८६ आणि खालच्याचा ०.१४ येतो. दोघांचाही गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती बदलते ते ठरवणारा आकडा, २० असल्याने पांढरा जिंकला असता तर त्याचे रेटिंग २.८ ने वाढले असते, बरोबरीत ७.२ ने घटले असते आणि पराभवात १७.२ ने घटले असते. काळ्याच्या बाजूने हेच आकडे उलटे वाचायचे. अनेक खेळाडू ०.८६ चा अर्थ ‘शंभरातले शहाऐंशी डाव जिंकणार’ असा घेतात, तो चुकीचा आहे. ७६ विजय, २० बरोबरी आणि ४ पराभव यांचीही बेरीज ८६ गुण होते, आणि ८२ विजय, ८ बरोबरी आणि १० पराभव यांचीही. हा आकडा पुष्कळ डावांची सरासरी सांगतो. आज, या पटावर, या स्थितीत काय होईल याविषयी तो काहीही सांगत नाही.

वेळेचे बंधन प्रत्येकी ९० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर असे होते. दर चालीला ३० सेकंद मिळत असल्याने घड्याळात कितीही कमी वेळ उरला तरी दोघांनाही प्रत्येक चाल लिहिणे बंधनकारक होते. याचे महत्त्व पुढे येईल.

समस्येचे स्वरूप

पांढऱ्याने नंतर प्रांजळपणे सांगितले की पटावर बसण्यापूर्वीच त्याने बरोबरीला अपयशाच्या खात्यात टाकले होते. काळ्याने त्याच वेळी बरोबरीला यशाच्या खात्यात जमा केले होते. दोघांचे हिशेब एकमेकांना पूरक दिसतात आणि आकड्यांच्या दृष्टीने चुकीचेही नाहीत. अडचण अशी की डाव सुरू झाल्यावर प्रत्येक चालीला विचारायचा प्रश्न ‘मला काय पुरेसे आहे’ हा नसून ‘या स्थितीत काय आहे’ हा असतो. या डावातील तिन्ही मोठ्या चुका, एक पांढऱ्याची आणि दोन काळ्याच्या, पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याची जागा घेतल्यामुळे झाल्या, असे माझे मत आहे. गणनेतली चूक प्रत्येक ठिकाणी नंतर आली. नजर त्याआधीच वळलेली होती.

पहिला निर्णय: पांढऱ्याची २४वी चाल

क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या प्रचलित सुरुवातीच्या एक्सचेंज प्रकाराने डाव सुरू झाला. चौथ्या चालीत पांढऱ्याने डी५ वर (घराचे नाव म्हणजे उभ्या पट्टीचे अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा) मारामारी केली, काळ्याने ई प्याद्याने परत मारले आणि ओळखीची रचना तयार झाली. अशा रचनेत पांढऱ्याची नेहमीची योजना वजिराच्या बाजूला असते: बी प्यादे बी४ आणि मग बी५ पर्यंत रेटायचे, सी६ वर मारामारी करायची आणि मागे उरलेल्या सी६ च्या दुबळ्या प्याद्यावर सी पट्टीतून दाब आणायचा. काळा त्याच्या मोबदल्यात राजाच्या बाजूला घोडे आणि हत्ती जमवतो. पहिल्या वीस चाली दोघेही नीट खेळले. दोघांचे काळ्या घरांतले उंट आणि एकेक घोडा पटावरून गेले, ए आणि बी पट्ट्यांतील प्यादीही गेली आणि स्थिती जवळजवळ समतोल राहिली.

एकविसाव्या चालीत पांढऱ्याने हत्ती बी७ वर घुसवला. काळ्याने ई६ चा उंट सी८ वर मागे घेऊन त्या हत्तीवर हल्ला केला. हत्ती बी३ वर परतला, उंट पुन्हा ई६ वर आला, हत्ती पुन्हा बी७ वर, उंट पुन्हा सी८ वर. तेविसाव्या चालीनंतर तीच स्थिती दुसऱ्यांदा पटावर आली होती. त्या वेळी पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर डी२ वर, हत्ती बी७ आणि एफ१ वर, उंट डी३ वर, घोडा सी३ वर आणि प्यादी डी४, ई३, एफ२, जी२, एच२ वर होती. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर एफ६ वर, हत्ती ए८ आणि ई८ वर, उंट सी८ वर, घोडा एफ८ वर आणि प्यादी सी६, डी५, एफ७, जी७, एच७ वर होती.

पांढऱ्यासमोर तीन वाटा होत्या. हत्ती पुन्हा बी३ वर नेला तर पुनरावृत्ती त्रिवार होण्याच्या, म्हणजे बरोबरीच्या, दिशेने डाव गेला असता. हत्ती बी१ पर्यंत मागे घेऊन, सी३ चा घोडा ए४ मार्गे सी५ च्या मजबूत घरात बसवण्याची शांत योजना होती. तिच्यात काही गमावण्यासारखे नव्हते आणि पुनरावृत्तीही टळत होती. तिसरी वाट म्हणजे हत्ती सी७ वर नेऊन पुढच्या चालीत दुसरा हत्ती सी१ वर आणायचा आणि सी६ च्या प्याद्यावर थेट तुटून पडायचे. पांढऱ्याने तिसरी निवडली. त्याचा तर्क असा होता की काळा वजीर एफ६ वरून सी६ चे प्यादे राखतो आहे, म्हणून तो तिथून हलू शकत नाही.

काळ्याने वजीर डी६ वर आणला. डी६ वरूनही वजीर सी६ चे प्यादे राखतो आणि तिथून तो सी७ च्या हत्तीवर हल्लाही करतो. हत्तीला परत जायला घर उरले नाही: बी७ आणि डी७ उंटाच्या माऱ्यात, ए७ ए८ च्या हत्तीच्या माऱ्यात, ई७ वजीर आणि हत्ती दोघांच्या, आणि एफ७ चे प्यादे राजाने राखलेले. घोडा देऊन हत्ती सोडवणे त्याहून महाग पडले असते. पांढऱ्याने पंचविसाव्या चालीत हत्ती देऊन सी८ चा उंट घेतला, नंतर उंट एफ५ वर आणून सी८ वर आलेल्या हत्तीवर हल्ला केला आणि एक चाल वाचवली, पण हिशेब स्पष्ट होता. हत्तीच्या बदल्यात फक्त उंट मिळाला होता, जोडीला एक प्यादेही मिळाले नव्हते.

पांढऱ्याने शांत योजना पाहिली होती का, असे मी त्याला विचारले. पाहिली होती, असे तो म्हणाला. पण तिला वेळ लागेल, काळा भक्कम उभा राहील आणि डाव बरोबरीकडे जाईल असे त्याला वाटले. म्हणजे बरोबरीची भीती इतकी प्रबळ होती की बरोबरीकडे जाण्याची शक्यता असलेली चांगली योजना त्याने टाकून दिली. २१९० चा खेळाडू दोन चालींचा हा सापळा एरवी सहज पाहतो.

दुसरा निर्णय: काळ्याची २८वी चाल

या प्रकरणाचा गाभा येथे आहे. अठ्ठाविसाव्या चालीनंतर काळ्याकडे दोन हत्ती, वजीर आणि घोडा होता, तर पांढऱ्याकडे एक हत्ती, वजीर, उंट आणि घोडा. प्यादी दोघांची पाच-पाच. काळ्याच्या एका हत्तीने बी पट्टी ताब्यात घेतली होती. घड्याळात काळ्याकडे १९ मिनिटे होती, पांढऱ्याकडे २४. काळ्याने चाल केली, घड्याळ दाबण्यापूर्वी बरोबरीचा प्रस्ताव ठेवला आणि मग घड्याळ दाबले. प्रस्ताव ठेवण्याची पद्धत अगदी नियमाप्रमाणे होती. अशी स्थिती हातात असताना तो ठेवण्याचे कारण मात्र पटावर कुठेही नव्हते.

आपण सरस आहोत हे त्याला ठाऊक होते. म्हणून या निर्णयाला अज्ञानाची चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे, समोरच्याने हत्ती असा सहज गमावला यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. आपल्याला न दिसलेले काहीतरी त्यामागे असेल, पुढे कुठेतरी आपणच चुकू, त्यापेक्षा अर्धा गुण आत्ता मिळाला तर बरे, असे त्याला वाटले. मी त्याला विचारले की पटावरील हीच स्थिती १८५० च्या खेळाडूविरुद्ध मिळाली असती तर? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की तेव्हा बरोबरीचा विचार मनात आलाच नसता.

त्याच्यासमोर खरे तर तीन पर्याय होते. प्रस्ताव ठेवणे हा एक. दुसरा, काहीही न बोलता वजीर पटावरून घालवण्याचा प्रयत्न करणे. वजीर गेल्यावर दोन हत्तींची ताकद वाढते आणि पांढऱ्याला राजावर हल्ला चढवण्याची आशा उरत नाही. तिसरा, काही चाली केवळ स्थिती घट्ट करत राहणे, पांढऱ्याला काही तरी करावे लागेल याची वाट पाहणे, आणि बरोबरीचा प्रश्न तेवढ्यापुरता पुढे ढकलणे. तिसरा पर्याय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बरोबरीचा प्रस्ताव दहा चालींनंतरही ठेवता येतो. तो आजच ठेवायला हवा असे काहीही नव्हते.

आता पांढऱ्याची बाजू. प्रस्ताव आल्यावर त्याने सुमारे सात मिनिटे विचार केला. आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर, प्रस्ताव नाकारणे तेव्हाच शहाणपणाचे ठरते जेव्हा पुढे जिंकण्याची शक्यता हरण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असते. केवळ पटाकडे पाहिले तर ती कमी होती. तरीही त्याने नाकारले आणि पुढची चाल केली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाल होईपर्यंत तो अर्धा गुण स्वीकारायच्या बेतात होता, पण प्रस्तावानेच त्याला समोरच्याच्या मनाची अवस्था कळवली. जो माणूस मोहऱ्यांच्या हिशेबात पुढे असताना बरोबरी मागतो, तो पुढे दडपणाखाली चुकेल, असा त्याने अंदाज बांधला.

हा नकार योग्य होता का, याविषयी माझे आणि माझ्या सहकारी प्रशिक्षकांचे एकमत नाही. ते म्हणतात की निकालाने तो योग्य ठरवला. मला तसे वाटत नाही. निकाल शेवटी बरोबरीचाच लागला, म्हणजे पांढऱ्याने आणखी ६२ चाली खर्च करून तोच अर्धा गुण मिळवला, आणि वाटेत तो हरण्याचा धोकाही त्याने पत्करला. परंतु प्रस्तावातून माहिती मिळते हे त्याचे निरीक्षण अचूक होते, आणि काळ्याने ते कायमचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नाकारला गेलेला प्रस्ताव अर्धा गुण देत नाही. तो ठेवणाऱ्याची भीती मात्र पटाच्या पलीकडे पोहोचवतो.

पुढच्या पाच चाली

नकारानंतर काळ्याच्या खेळात घाई शिरली. त्याने जी६ खेळून उंटाला डी३ वर माघार घ्यायला लावली, हत्ती बी७ आणि ई६ वर आणले. येथवर काही बिघडले नव्हते. पांढऱ्याचा घोडा मात्र आता ए४ वर पोहोचला होता, म्हणजे चोविसाव्या चालीत टाकून दिलेली शांत योजना तो उशिरा का होईना अमलात आणत होता. सी५ च्या घरावर काळ्याचा एकच पहारा होता, तो म्हणजे डी६ वरचा वजीर. बत्तिसाव्या चालीत काळ्याने वजीर डी८ वर नेला. तिथून तो एच४ वर जाणार होता आणि राजावर हल्ला चढवणार होता. प्रस्ताव नाकारला गेल्याने आता लवकर जिंकून दाखवले पाहिजे असे आपल्याला वाटले, असे त्याने सांगितले. सी५ मोकळे झाले. घोडा तिथे बसला आणि त्याने बी७ व ई६ वरील दोन्ही हत्तींवर एकाच वेळी हल्ला केला. काळ्याला एक हत्ती घोड्याच्या बदल्यात सोडावा लागला. मोहऱ्यांची बरोबरी झाली, सी६ चे प्यादे आता खरोखरच कमकुवत होते आणि अडतिसाव्या चालीत तेही पडले. वजीर आणि उरलेली हलकी मोहरी (उंट आणि घोडा) पुढच्या चालींत गेली. पंचेचाळिसाव्या चालीला पटावर प्रत्येकी एक हत्ती, पांढऱ्याची पाच प्यादी आणि काळ्याची चार अशी स्थिती होती, आणि काळ्याच्या घड्याळात चार मिनिटेही नव्हती.

तिसरा टप्पा: हत्तींचा अखेरचा खेळ

येथून काळ्याने जो बचाव केला त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. अखेरच्या खेळात एक प्यादे कमी असताना दुबळ्या बाजूने प्यादी भराभर मारामारीत घालवावीत, हे त्याने पक्के पाळले. पासष्टाव्या चालीला पांढऱ्याकडे हत्ती आणि ई४ वर एकच प्यादे उरले, काळ्याकडे केवळ हत्ती. पांढरा राजा एफ५ वर आणि हत्ती एच७ वर होता. काळा राजा ई८ वर, म्हणजे प्याद्याच्या वाटेवर समोरच, आणि हत्ती ए१ वर.

अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखला जाणारा बचाव येथे लागू पडतो. दुबळ्या बाजूने आपला हत्ती पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या आडव्या रांगेत ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. तो हत्ती तिथून हलवायचा नाही, केवळ त्याच रांगेत इकडेतिकडे करत राहायचे. प्यादे सहाव्या रांगेत आले की त्याच क्षणी हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह द्यायचे, कारण आता राजाला प्याद्याच्या आडोशाला लपायला जागा उरत नाही. काळ्याने पासष्टाव्या चालीत हत्ती ए६ वर आणला. सहासष्टाव्या चालीत पांढऱ्याने प्यादे ई५ वर नेले आणि मग वाट पाहण्याचा खेळ सुरू झाला: पांढरा हत्ती जी७, एच७, पुन्हा जी७, काळा हत्ती बी६, ए६, पुन्हा बी६.

एकोणऐंशीव्या चालीत नियमाचा प्रसंग आला. काळ्याला नोंदपत्रकावरून दिसले की पुढची चाल केल्यावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे. त्याने हत्ती ए६ वर ठेवला, घड्याळ दाबले, मग हात वर करून पंचांना बोलावले आणि बरोबरीचा दावा केला. पंचांनी दोन्ही नोंदपत्रके पाहिली आणि दावा फेटाळला. पुनरावृत्ती खरोखर झाली होती. चूक दाव्याच्या पद्धतीत होती. फिडेच्या नियमावलीतील कलम ९.२ प्रमाणे, आपल्या चालीने तिसरी पुनरावृत्ती होणार असेल तर ती चाल पटावर न करता फक्त नोंदपत्रकावर लिहायची, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना कळवायचे. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क जातो. चाल प्रतिस्पर्ध्याने केली असेल आणि तिसरी पुनरावृत्ती आधीच पटावर आली असेल, तर आपली पाळी असताना मोहऱ्याला हात न लावता दावा करता येतो. पाच वेळा पुनरावृत्ती झाल्यास किंवा दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी ७५ चाली प्यादे न हलता आणि मारामारी न होता झाल्यास मात्र दाव्याची गरज राहत नाही, डाव आपोआप बरोबरीत सुटतो. काळ्याला तिहेरी पुनरावृत्तीचा नियम माहीत होता, दावा करण्याचा क्रम माहीत नव्हता, आणि तो माझ्याकडून शिकवायचा राहून गेला होता. या चुकीची जबाबदारी मी स्वतःवर घेतो.

डाव पुढे सुरू राहिला. पांढऱ्याने आता पुनरावृत्ती काळजीपूर्वक टाळली आणि चौऱ्याऐंशीव्या चालीत प्यादे ई६ वर ढकलले. सहासष्टाव्या चालीनंतर प्यादे हलले नव्हते, म्हणून पन्नास चालींचा नियम (प्रत्येकी पन्नास चाली प्यादे न हलता आणि मारामारी न होता गेल्या तर बरोबरीचा दावा करता येतो) आपल्याला वाचवील असे काळा मनात धरून होता. ती मोजणी या एका चालीने शून्यावर आली. आता पांढऱ्याचा राजा एफ६ वर जाण्याच्या तयारीत होता, कारण ई६ चे प्यादे त्याला काळ्या हत्तीपासून आडोसा देत होते, आणि तिथे तो पोहोचला की एच८ वरून मात होती.

काळ्याच्या घड्याळात ५० सेकंद होते. हातात दोन चाली होत्या आणि त्यांपैकी चुकीची चाल अधिक नैसर्गिक दिसते. हत्ती ए५ वर नेऊन शह दिला तर राजा एफ६ वर जातो आणि डाव संपतो: हत्ती एफ५ वर शह देऊ शकत नाही, कारण राजा त्याला मारतो, आणि एच८ वरची मात टाळण्यासाठी काळा राजा डी८ वर सरकला तरी हत्तीचा शह बसून प्यादे पुढे जाते. दुसरी चाल म्हणजे काहीही धमकी न देणारी, हत्ती थेट ए१ वर. शह नाही, हल्ला नाही, फक्त अंतर. काळ्याने ३८ सेकंद घेतले आणि हत्ती ए१ वर नेला. राजा एफ६ वर, हत्ती एफ१ वरून शह. राजा ई५ वर, हत्ती ई१ वरून शह. राजा डी६ वर, हत्ती डी१ वरून शह. राजाला लपायला जागा नव्हती. नव्वदाव्या चालीत पांढऱ्याने चाल करून बरोबरीचा प्रस्ताव ठेवला आणि काळ्याने तो स्वीकारला.

निष्पत्ती

काळ्याचे रेटिंग ७.२ ने वाढले, पांढऱ्याचे तितकेच घटले. सभागृहात काळ्याचे अभिनंदन झाले. ते त्याने नम्रपणे स्वीकारले, पण रात्री मला भेटल्यावर पहिला प्रश्न त्याने विचारला तो अठ्ठाविसाव्या चालीविषयी. मला तो प्रश्न निकालाहून अधिक मोलाचा वाटला. पांढऱ्यानेही दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन चोविसाव्या चालीवर चर्चा केली. वरच्या रेटिंगचा खेळाडू खालच्याजवळ येऊन आपली चूक समजावून घेतो, असे क्वचित घडते.

वेगळे काय करता आले असते

पांढऱ्यासाठी माझी सूचना एवढीच आहे की पुनरावृत्ती टाळण्याची इच्छा आणि ती टाळण्याची चाल यांचा विचार वेगवेगळा करावा. आधी विचारावे की बरोबरी टाळणारी सर्वांत सुरक्षित चाल कोणती, आणि मगच सर्वांत आक्रमक कोणती ते पाहावे. हत्ती बी१ वर नेऊन घोडा सी५ कडे वळवणे ही चाल पहिल्या प्रश्नाचे उत्तर होती. नऊ चालींनंतर त्याच घोड्याने त्याच घरात बसून त्याचा डाव वाचवला.

काळ्यासाठी गोष्टी अधिक आहेत. मी त्याच्याबरोबर ठरवले की मोहऱ्यांच्या हिशेबात तो पुढे असेल तेव्हा बरोबरीचा प्रस्ताव ठेवण्यापूर्वी, प्रतिस्पर्धी आपल्याच रेटिंगचा आहे असे समजून स्थितीचे मूल्यमापन एकदा नोंदपत्रकाकडे न पाहता मनात करायचे. नोंदपत्रकावर प्रतिस्पर्ध्याचे रेटिंग न लिहिण्याचा पर्यायही आम्ही पाहिला, पण जोड्यांच्या यादीवर ते आधीच वाचलेले असते, म्हणून त्याचा उपयोग मर्यादित आहे. प्रस्ताव नाकारला गेल्यानंतरच्या दोन चालींवर नेहमीपेक्षा जास्त वेळ खर्च करायचा, हा नियम मात्र त्याने स्वतः सुचवला, आणि बत्तिसाव्या चालीकडे पाहिल्यावर तो किती आवश्यक होता हे दिसते. त्या चालीवर त्याने एक मिनिटही दिले नव्हते. प्रत्येक हलवायच्या मोहऱ्याविषयी ‘हे आत्ता कोणते घर राखते आहे’ असा एकच प्रश्न त्याने विचारला असता, तर डी६ चा वजीर सी५ राखतो हे त्याला दिसले असते.

दाव्याची पद्धत आम्ही आता पटावर प्रत्यक्ष सराव करून शिकतो: चाल लिहायची, हात मांडीवर ठेवायचा, घड्याळ थांबवायचे, पंचांना बोलावायचे. हे वाचून कळते, पण घड्याळात मिनिट उरलेले असताना हात सवयीनेच चालतो.

यानंतर एका महिन्याने पांढऱ्याने सुचवले आणि दोघांनी अठ्ठाविसाव्या चालीची स्थिती मांडून, प्रत्येकी पंधरा मिनिटे लावून, सरावासाठी चार डाव खेळले. रेटिंगला धक्का लागणार नव्हता आणि बरोबरीचा प्रस्ताव ठेवायचा नाही असे ठरले होते. काळ्याने दोन डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एक तो हरला. हरलेल्या डावात वजीर पुन्हा डी८ वरच गेला होता.